तळ्यात विष कोणी कालवलं?

आकाशातून तळ्याचं पाणी चांगलं की वाईट हे कसं कळतं, असं मला पहिल्यांदा विचारलं ते माझ्या वडिलांनी. उदगीरला आमचं अडतीचं दुकान होतं. अण्णा तुरीची मूठ उचलायचे, दोन दाणे दाताखाली धरायचे आणि माल कुठल्या शिवारातला, त्यात ओल किती, सगळं सांगून मोकळे व्हायचे. ते म्हणाले, "माय, हाताला लागल्याबिगर मालाची पारख व्हती का? तू इथं, तळं तिथं, आन् फोटो काढनारा वर आभाळात. कोन इस्वास ठेवील?"

मी त्यांना तासभर समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि म्हणाले, "सरकारला पटलंय न्हवं? मग मला पटून काय करायचंय."

लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा झाला, तेव्हा मी नुकतीच शिक्षण संपवून घरी बसले होते. नवा जिल्हा म्हणजे नव्या पाट्या, नवी कार्यालयं आणि नवे नकाशे. नकाशे काढायला हात हवे होते, म्हणून मला ट्रेसरची नोकरी मिळाली. ट्रेसिंग पेपरवर रेणापूरकडची शीव काढताना शाई पसरू नये म्हणून मी श्वास रोखून धरायची. जिल्हा असा आपल्या पेनाच्या टोकातून उतरताना पाहिला, याचा अभिमान मला अजून आहे. तो कोणाला सांगायची वेळ मात्र फारशी आली नाही.

पुढे उपग्रहाची चित्रं आली. सुरुवातीला ती मोठ्या कागदांवर छापून यायची आणि त्यात पिकं, झाडं हिरवी नव्हे तर लालभडक दिसायची. एकदा एक पुढारी आमच्या टेबलापाशी आले. आपल्या तालुक्याचं चित्र पाहून दचकले. "बाई, हे एवढं काय पेटलंय?"

"काही पेटलं नाही साहेब. हा तुमच्याकडचा ऊस आहे."

त्यांनी चित्रावर पुन्हा नजर फिरवली. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "ह्यात माझा कोनता आन् भावाचा कोनता, ते दिसतं का?"

लाल का, तर आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक उजेड हिरवं पान फार जोरात परत फेकतं. तो दाखवायचा तर त्याला कुठला तरी रंग द्यावा लागतो, म्हणून लाल. पाण्याचं याच्या उलट. स्वच्छ, खोल पाणी तो उजेड गिळून टाकतं, त्यामुळे चित्रात ते काळं दिसतं. गढूळ पाणी फिकट निळसर. आणि काळ्या तळ्यात कुठे लालसर झाक दिसली की समजायचं, या पाण्यात काहीतरी हिरवं वाढायला लागलं आहे. आमची विद्या मुळात एवढीच, बाकी आकडेमोड. चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवर एका घराएवढी जागा. त्या ठिपक्यात नेमकं काय आहे, शेवाळ, जलपर्णी की काठावर कोणी पेरलेला मका, हे पाहायला शेवटी जीप काढावी लागते आणि पाणी बाटलीत भरून आणावं लागतं. म्हणजे अण्णांचं काही अगदीच चूक नव्हतं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी नांदेडला होते. चित्रं तेव्हा कागदावरून संगणकावर आली होती आणि दर काही दिवसांनी ताजी मिळत होती. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या तळ्यांवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे होतं. त्याच काळात सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला. लातुरात नळ कोरडे पडले, शिकवणीला आलेली मुलं गाठोडी बांधून गावाकडे निघाली. डाळ मिलच्या रस्त्यावर ट्रकपेक्षा टँकर जास्त दिसू लागले. आभाळ मात्र लख्ख. ढग नसले की आमची चित्रं स्वच्छ येतात. दुष्काळ आमच्या कामाला सोयीचा असतो, हे वाक्य लिहितानासुद्धा हात अडखळतो.

तळं आटतं तेव्हा पाणी नुसतं कमी होत नाही, ते बदलतं. उरलेलं पाणी उथळ होतं, तापतं. शेतांतून आलेलं खत, जनावरांचं शेण, सगळं त्या डबक्यात दाट होत जातं. त्यात शेवाळाच्या काही जाती अशा फोफावतात की सकाळी दिसत नव्हत्या त्या संध्याकाळी दिसतात. त्यातल्या काही विषारी असतात.

आता ज्या तळ्याची गोष्ट सांगणार आहे, त्या गावाचं नाव मी सांगणार नाही आणि माणसांचीही नावं बदलली आहेत. लोह्याहून आत गेलं की लहान टेकड्यांच्या कुशीत ते तळं आहे. आसपासच्या तीन गावांचे टँकर तिथून भरायचे. मागच्या चित्रात त्याच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात मला पुसटशी लालसर झाक दिसली होती. काठावरचं गवत असेल, असंही वाटत होतं. त्याच आठवड्यात जाऊन पाणी आणायचं ठरवलं होतं.

त्या सकाळी कार्यालयात आल्या आल्या नवं चित्र उघडलं. कोपऱ्यातली झाक आता तळ्याचा तिसरा हिस्सा व्यापून बसली होती. हे गवत नव्हतं. मी टँकरचं काम पाहणाऱ्या नायब तहसीलदारांना, शिंदे साहेबांना फोन लावला.

"साहेब, त्या तळ्यातले टँकर थांबवा. पाणी तपासावं लागेल."

पलीकडे भरपूर आरडाओरडा ऐकू येत होता. शिंदे साहेब म्हणाले, "मॅडम, मी त्याच तळ्यावर उभा आहे. मासे मेलेत, जनावरं मेलीत. औषध टाकलं म्हणून गावानं एका माणसाला कोंडून घातलंय. तुम्ही येता का? लवकर या."

औषध म्हणजे फवारणीचं विष. आमच्याकडे त्याला औषधच म्हणतात.

मी दोन्ही चित्रं छापून घेतली, पाण्याच्या बाटल्यांची पेटी उचलली आणि निघाले. जीपवर गफूरभाई होते. वर्षानुवर्षं त्यांच्यासोबत मी नांदेड-लातूरची तळी पालथी घातली होती. गावात शिरल्यावर त्यांनी गर्दी पाहिली आणि जीप वळवून तिचं तोंड गावाबाहेरच्या रस्त्याकडे करून लावली. "रहने दो मॅडम, निकलने को बरा पडता," एवढंच म्हणाले.

आधी तळ्यावर गेले. वास लांबूनच येत होता. मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले होते. पूर्वेच्या कोपऱ्यात तर पाणी पाण्यासारखं दिसतच नव्हतं. दाराखिडक्यांना लावायचा हिरवा रंग कोणी डबे उपडे करून ओतावा तसं दिसत होतं. तिथेच जनावरं उतरायची जागा होती आणि तिथेच तीन म्हशी आणि एक बैल आडवे झाले होते. गुरांचे डॉक्टर एका म्हशीचं पोट उघडून बाटल्या भरत होते. दुसऱ्या म्हशीपाशी सोजरबाई नावाची म्हातारी बसली होती आणि पदराने तिच्या तोंडावरच्या माश्या वारत होती. म्हैस मेलेली होती तरी वारत होती.

सरपंच माणिकराव माझ्याजवळ आले. उंच, कोरडे, उन्हाने रापलेले गृहस्थ. त्या दुष्काळात टँकरसाठी त्यांनी लातूर-नांदेडच्या किती कचेऱ्या पालथ्या घातल्या ते मला माहीत होतं. वाईट माणूस नव्हता.

"मॅडम, फोटो-बिटो ठिवा बाजूला. केलं कोनी ते आमाला ठावं हाय. त्यो पोशट्टी. देगलूरकडचा. तळ्याचा ठेका त्याच्याकडं हाय. परवा आमच्या पंपावर येऊन भांडला, म्हने पानी उपसू नका, मासळी मरती. आमची लेकरं तहानलेली आन् ह्याला मासळीची पडली. पानी आटतंयच, मग औषध टाकून समदी मासळी एकदम काढायची, असा त्याचा डाव. झोपडीमागं औषधाचा डबा बी घावला."

"त्याला औषध टाकताना पाहिलं का कोणी?"

"टाकताना कोन दाखवून टाकतंय?"

पोशट्टीला समाजमंदिरात कोंडलं होतं. दाराला बाहेरून कडी होती आणि दाराला पाठ लावून त्याची बायको गंगामणी उंबऱ्यावर बसली होती. गुडघे पोटाशी, हात दोन्ही बाजूंच्या चौकटीला. आत कोणाला जायचं असतं तर तिला ओलांडून जावं लागलं असतं. समोर दोन पोलीस, आणि त्यांच्यासमोर अख्खं गाव. लोक ओरडत नव्हते. हळू बोलत होते. मला ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

मी खिडकीपाशी गेले. आत अंधारात एक बुटका, काळासावळा माणूस भिंतीला टेकून उभा होता. ओठ फुटला होता.

"डबा कसला होता?" मी विचारलं.

"रॉकेल आणायचा मॅडम. बाजारातून रिकामा आणला, धुतला." तेलुगू वळणाचं मराठी, शब्द तुटत येत होते. "देवुडा! मेलेली मासळी कोण घेतो? व्यापारी वास घेतो, गाडी परत घेऊन जातो. मी कशाला मारू? कोणी टाकला असेल औषध. मी नाही टाकला."

म्हणजे त्यालाही वाटत होतं की कोणीतरी विष टाकलं आहे. त्या गावात त्या वेळी विषावर विश्वास नसलेलं माणूस बहुधा मी एकटीच होते, आणि माझ्याकडे होते दोन रंगीत कागद.

समाजमंदिरासमोर लिंबाचं झाड होतं, त्याला पार होता. शिंदे साहेबांनी मला पारावर उभं केलं. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे असतील. रात्रीची झोप नव्हती, दाढी वाढलेली. मी कागद वर धरून सांगायला लागले. हे आपलं तळं, हे काळं म्हणजे चांगलं पाणी, ही लाल झाक म्हणजे हिरवं काहीतरी. कोणी पुढे आलं नाही. मग माणिकराव पुढे आले. कागद हातात घेऊन त्यांनी नीट पाहिला.

"येक सांगा. ह्या फोटोत औषध दिसतं का?"

शिंदे साहेब माझ्या कानाशी लागले. "मॅडम, दिसलं असतं म्हणून सांगा. माणूस वाचेल."

ते खोटं मला सहज बोलता आलं असतं. तिथे तपासणारं कोणी नव्हतं. पण जिभेवर येऊन ते अडलं. खरं बोलण्याची हौस म्हणून नव्हे. आज मी म्हटलं की चित्रात विष दिसतं, तर उद्या दुसऱ्या कुठल्या तरी गावात दुसऱ्या कोणाला तरी त्याच चित्राच्या जोरावर कोंडतील, हे मला लख्ख दिसलं.

"नाही," मी म्हटलं. "पाण्यात विरघळलेलं औषध आकाशातून दिसत नाही."

गर्दीतून आवाज उठला. "बगा! मंग कामून आल्या ह्या?" कोणीतरी दाराच्या दिशेने दोन पावलं गेलं. पोलिसाने काठी आडवी धरली. गंगामणी हलली नाही.

मला ओरडून बोलायची सवय नाही, पण त्या वेळी ओरडले. "माझं पुरं ऐका! औषध दिसत नाही, पण हे हिरवं दिसतं. पंपावर भांडण कधी झालं? परवा. हे चित्र त्याच्या कितीतरी आधीचं आहे. तेव्हाच पूर्वेच्या कोपऱ्यात हे वाढायला लागलं होतं. वारं पश्चिमेकडून येतं, ते सगळं ढकलून त्या कोपऱ्यात साचवतं. तुमची जनावरं मेली कुठं? त्याच कोपऱ्यात. बांधाकडे ज्यांनी पाणी प्यायलं, त्यातलं एक तरी मेलं का?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"शेवाळ तर आमच्या तळ्याला दरसाल येतं," माणिकराव म्हणाले. "आजवर येक कोंबडं मेलं न्हाई."

"दरसाल येतं ते वेगळं. एक काचेची बरणी द्या मला कोणीतरी. दाखवते."

कोणी जागचं हललं नाही. मग मागून सोजरबाई आली. तळ्यावरून कधी उठून आली होती कोण जाणे. "माझ्या घरची देते. लोनच्याची हाय. माझी म्हस कशानं मेली, मला कळू द्या की."

पंपावरच्या एका माणसाला हातमोजे देऊन मी कोपऱ्यातलं पाणी आणवलं, धुतलेल्या बरणीत ओतलं आणि बरणी पारावर सावलीत ठेवली. पाणी हिरवंगार, गढूळ. मी सांगितलं, "कोणी हात लावायचा नाही. नुसती माती असेल तर खाली बसेल. नेहमीचं शेवाळ असेल तर तंतू लोंबतील. पण हे जे आहे, त्याच्या अंगात हवा असते. ते वर येऊन दुधावरच्या सायीसारखं जमेल. औषधाने असं काही होत नाही."

आणि मग आम्ही वाट पाहत बसलो. अख्खं गाव एका बरणीकडे बघत बसलं होतं. ऊन डोक्यावर होतं. पोलीस रुमालाने मान पुसत होते. माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. जाड थर असला की ते लवकर वर येतं, पण नाही आलं तर? आणताना फार घुसळलं गेलं असेल तर? प्रयोगशाळेचा अहवाल यायला दिवस लागणार होते आणि या दारापुढची माणसं तितकी थांबणार नव्हती.

कोणीतरी म्हणालं, "धूर."

तळ्याच्या बाजूला काळा धूर सरळ वर चढत होता. नायलॉनचं जाळं जळताना येतो तसा करपट वास आला. आम्ही बरणीकडे बघत असताना कोणीतरी मागच्या वाटेने जाऊन पोशट्टीची झोपडी पेटवली होती. एक पोलीस तिकडे पळाला, शिंदे साहेब पळाले.

मी गंगामणीकडे पाहिलं. ती जिथे बसली होती तिथून धूर नीट दिसत होता. तिचं घर, भांडी, दोघांची जाळी, थर्माकोलचा तराफा, सगळं तिकडे जळत होतं. तिला कळलं होतं. गालांवरून पाणी वाहत होतं. पण ती उठली नाही. चौकटीवरचे हात तिने आणखी घट्ट केले. ती उठली असती तर दार मोकळं झालं असतं.

मी नोकरीत बरंच काही पाहिलं, पण तेवढं धैर्य पुन्हा पाहिलं नाही.

"ओ बाई," सोजरबाई म्हणाली. "साय धरली."

बरणीत वर बोटभर जाड हिरवा थर जमला होता. खालचं पाणी बरंच निवळलं होतं. माणिकराव वाकून बघत राहिले. गुरांचे डॉक्टर तळ्यावरून आले होते, त्यांनी बरणी पाहिली आणि मोठ्याने सांगितलं, "मॅडम म्हणतात ते बरोबर दिसतंय. म्हशीच्या पोटात हेच भरलंय. अशा शेवाळानं जनावर तासात जातं. मी वाचलं होतं, बघितलं आज."

गर्दीतला ताण थोडा सैल झाला. सगळ्यांचा नाही, मागे काही पोरं अजून डबा-डबा करत होती. पण पुढच्या रांगेतली वयस्कर माणसं मागे सरकली. आणि तेव्हा मला सगळ्यात अवघड वाक्य बोलायचं होतं.

"सरपंच, टँकर बंद करावे लागतील. आत्ताच."

माणिकरावांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता आणि त्या जागी जे आलं ते मला बघवलं नाही. अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "मॅडम, औषध असतं तर बरं झालं असतं. चार दिसांत उतरलं असतं, येक मानूस जेलात गेला असता, पानी आमचं आमाला ऱ्हायलं असतं. तुमी म्हनता हे आपसूक झालं. म्हंजे ह्ये पानी गेलं. मिरगापत्तुर तीन गावांनी काय प्यावं?"

गाव पोशट्टीला का सोडत नव्हतं, ते मला तेव्हा समजलं. गुन्हेगार सापडला असता, तर तळं वाचलं असतं.

शिंदे साहेब काजळी लागलेल्या हातांनी परत आले. मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "पक्कं आहे?"

"अहवाल येईपर्यंत पक्कं नाही. पण हे पाणी मी माझ्या घरात घेणार नाही."

त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि पंप बंद करायला सांगितलं. त्या एका शब्दाची किंमत त्यांना पुढचे दोन महिने मोजावी लागणार होती, हे त्यांना ठाऊक होतं. एक टँकर आधीच भरून निघाला होता आणि चालकाचा फोन लागत नव्हता. गफूरभाईंनी कुणी सांगायची वाट पाहिली नाही. एका पोलिसाला शेजारी बसवलं आणि जीप सोडली. टँकर त्यांनी पुढच्या गावाच्या वेशीवर गाठला. हंडे घेऊन पळत आलेल्या बायांच्या डोळ्यांदेखत ते पाणी मातीत सोडून द्यावं लागलं. परत आले तेव्हा स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसले. "मॅडम, इतने साल गाडी चलाया, ऐसे गाल्यां कब्बी नै खाया. और गाल्यां देने वाले गलत बी नै थे."

पोलिसांनी पोशट्टी आणि गंगामणीला सुरक्षित राहावीत म्हणून लोह्याला नेलं. जाताना ती दोघं जळलेल्या झोपडीवरून गेली. गाडी थांबली नाही.

अहवाल आला. फवारणीचं विष पाण्यात नाही, माशांत नाही, म्हशींच्या पोटातही नाही. शेवाळाचं विष मात्र होतं. पोशट्टीवर गुन्हा दाखल झाला नाही. शिंदे साहेबांनी लांबच्या एका ऊसवाल्याची बोअर ताब्यात घेतली आणि तिथून टँकर आणले. एका गावाला दिवसाआड, बाकी दोन गावांना त्याहून कमी. त्या उन्हाळ्यात तिन्ही गावांत माझं नाव 'पाणी बंद करणारी बाई' असं पडलं होतं. तिन्ही गावांत त्या पाण्याने एकही माणूस आजारी पडला नाही. न झालेल्या आजाराचे आभार कोणी मानत नाही, आणि मानायचे तरी कसे?

त्या वर्षी पाऊस मात्र भरपूर झाला. नंतर एके दिवशी माणिकराव नांदेडला माझ्या टेबलापाशी येऊन बसले. धोतर स्वच्छ, टोपी नवी. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "तळं भरलं. फोटोत कसं दिसतंय ते दावा की."

मी दाखवलं. काठोकाठ काळंभोर. त्यांनी पडद्याला बोट लावून बघितलं. "त्यो कुठं असंल हो?"

"कोण?" मला कळलं होतं, तरी विचारलं.

"पोशट्टी. ठेक्याला कोनी यीना झालंय. लोक म्हनत्यात, त्या गावात जीव धोक्यात असतो."

पुढच्या आठवड्यात गफूरभाई आणि मी माणिकरावांना घेऊन देगलूरकडे गेलो. पोशट्टीचं घर नदीकाठच्या एका वस्तीत होतं. तो दारात बसून दुसऱ्या कोणाच्या तरी जाळ्याची भोकं सांधत होता. आम्हाला बघून उठला, मग बसून पुन्हा सुई चालवू लागला. गंगामणी आतून तांब्या घेऊन आली. सगळ्यांना पाणी दिलं. माणिकरावांच्या हातात पेला देताना म्हणाली, "प्या. बोअरचं हाय."

त्यांनी पेला तोंडाला लावला नाही. वाटेत जीपमध्ये त्यांनी काय काय बोलायचं ते ठरवलं होतं, ओठ हलताना मी पाहिले होते. त्यातलं एकही वाक्य बाहेर आलं नाही. शेवटी म्हणाले, "तळं भरलंय."

"किती?" पोशट्टीने विचारलं.

"सांडव्याला लागलंय."

पोशट्टीच्या हातातली सुई थांबली. त्याने मनाशी काही हिशेब केला. "मग मासळीचं बीज सोडायला उशीर झाला."

"झोपडीचं, जाळ्याचं… गाव बघंल सगळं," माणिकराव घाईने म्हणाले.

गंगामणी दारातून म्हणाली, "गाव बघतच होतं त्या दिवशी."

माणिकरावांनी पेल्यातलं पाणी हळूहळू सगळं प्यायलं, पेला खाली ठेवला आणि हात जोडले. पोशट्टीला नव्हे, तिला.

पोशट्टी आला. एकटाच आला. गावाने वर्गणी काढून जाळी घेऊन दिली, त्याने ती घेतली. काठावर नवी झोपडी बांधून द्यायला माणसं तयार होती, पत्रेसुद्धा आणून टाकले होते. ते पत्रे तिथेच गंजत पडले. मी निवृत्त होईपर्यंत त्या तळ्यावर दर दोन-तीन महिन्यांनी पाणी आणायला जात होते, दर वेळी त्याला झोपडीचं विचारायची. तो हसायचा आणि आभाळाकडे बघून वेळ सांगायचा. ऊन कललं की जाळं गुंडाळायचं आणि लोह्याची शेवटची एसटी पकडायची, हा त्याचा नेम झाला होता. मुक्कामाला त्या काठावर तो पुन्हा कधी थांबला नाही.